वाकडं टोक आणि शेवटचं बूच

भट्टीमागच्या खोलीत, पिठाच्या फळीवरच्या खिळ्याला टांगलेला मी बूच काढायचा एक जुना पेच आहे, मित्रांनो. माझी लाकडी मूठ हातांच्या घामानं काळी पडली आहे आणि माझं पोलादी टोक किंचित वाकडं आहे. बाटलीत काय असतं याच्याशी तुम्हा मुलांना कर्तव्य नाही. ती मोठ्यांची बाब, आणि मोठे तिच्या पायी कसे गोत्यात येतात तेच मी सांगणार आहे. माझा संबंध फक्त बुचाशी. शेकडो बुचं मी काढली असतील, पण त्या रविवारी जो हादरा बसला तो अजून माझ्या पिळातून गेलेला नाही.

एका लहानशा कारखान्यात जाड तारेला पीळ देऊन मला घडवलं. तिथून मी आलो ताईंकडे. ताईंची पावाची बेकरी होती. त्यांचं नाक आणि जीभ या दोन गोष्टींची गावभर ख्याती होती. आंबवलेल्या पिठावर नुसतं वाकून त्या सांगत, "याला अजून अर्धा तास हवा." घड्याळ लावून पाहिलं तर खरंच अर्धा तास!

पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्या हातून फरशीवर पडलो. मूठ तडकली, टोक वाकलं. मला वाटलं, संपलं आपलं. पण ताईंचे एक मित्र सुतार होते. त्यांनी मला नवी मूठ बसवली आणि म्हणाले, "टोक मात्र सरळ करायला जाऊ नकोस ताई, मोडेल. राहू दे वाकडं. तूसुद्धा कुठे सरळ आहेस?" ताईंनी त्यांच्या पाठीत धपाटा घातला. तेव्हापासून मी बुचात जरा तिरकाच शिरतो. माझं भोक मी हजारांत ओळखेन.

ताई, सुतार, घड्याळजी आणि पोस्टमास्तरीण ही चौघं शाळेपासूनची. एक द्राक्षमळेवाला ताईंकडून रोज पाव नेई. त्याच्याकडून चौघांनी मिळून एकाच वर्षाच्या वाइनच्या बारा बाटल्या घेतल्या. ठरलं असं की दर दोन वर्षांनी एक बाटली उघडायची आणि तिच्या शेजारी त्याच मळ्याची त्या वर्षीची नवी बाटली ठेवायची. मग दोन्ही चाखून पाहायच्या: मुरलेली कुठे पोचली, नवी कुठे आहे. पिठाच्या फळीवर पांढरा कागद अंथरायचे. पेला कागदावर तिरपा धरून रंग बघायचे, नाक आत घालून वास घ्यायचे, मग एक घोट तोंडात घोळवायचे. घड्याळजी मोत्यासारख्या अक्षरात वहीत लिहीत. सुतारांना प्रत्येक बाटलीत लाकूडच लागे. पोस्टमास्तरीणबाई म्हणत, "मला आधी ताईचं ऐकू दे, मग माझं मत मला आपोआप सुचतं." ते सगळे रविवार मला आठवतात. बूच 'टप्प' करून निघालं की चौघं टाळ्या वाजवत, आणि त्या टाळ्या माझ्यासाठीच आहेत असं मी खुशाल समजत असे.

भट्टीच्या धगीनं वाइन बिघडते, म्हणून बाटल्या ताईंकडे कधीच ठेवल्या नाहीत. त्या इतर तिघांच्या थंड कोठ्यांत असत. अकरा बाटल्या अशाच संपल्या. शेवटची राहिली तेव्हा सगळ्यांचा जीव हळहळला. ठरलं, ही ताईंच्या पंचाहत्तरीला. सहा वर्षं होती. पहिली दोन वर्षं ती सुतारांकडे, मग दोन घड्याळजींकडे, मग दोन पोस्टमास्तरीणबाईंकडे. टपालखात्यातून निवृत्त होताना बाईंनी लाखेच्या कांड्या आणल्या होत्या. बाटली सुतारांकडे जाण्याआधीच त्यांनी तिचं तोंड लाल लाखेनं बंद केलं आणि उरलेली एकेक कांडी दोघा मित्रांना आठवण म्हणून दिली.

ती सहा वर्षं मी खणात पडून होतो, मित्रांनो. वर चमचे, खाली मी. कुणी पुसलं नाही, कुणी हाक मारली नाही. पिळात गंज धरला.

पंचाहत्तरीच्या आधीच्या हिवाळ्यात ताई तापानं महिनाभर अंथरुणाला खिळल्या. उठल्या तेव्हा त्यांना ताज्या पावाचाही वास येत नव्हता. हळूहळू तो परत आला असं त्या म्हणत, पण त्यांचाच त्यावर भरवसा नव्हता. पिठाची चव बघून त्या कारागिराला विचारू लागल्या, "तुला काय वाटतं?" आयुष्यात त्यांनी हे कुणाला विचारलं नव्हतं. त्यातच भाच्यानं बेकरी मागितली. दुकान तो चालवणार, पण भट्टी काढून टाकून बाहेरून तयार पाव आणणार.

त्या रविवारी मला खणातून काढून, तेलाच्या फडक्यानं पुसून ताईंनी मित्रांना सांगून टाकलं, "आज माझी जीभ परीक्षेला बसली आहे. नवी आणि जुनी, दोन्ही मला नीट लागल्या तर भट्टी पेटती राहील. नाही लागल्या तर उद्या भाच्याला किल्ल्या देते. चव कळत नसताना लोकांना पाव खाऊ घालायचा म्हणजे फसवणूक. ती मी करणार नाही."

हे तिघांनीही नीट ऐकलं. हे लक्षात ठेवा.

आधी नवी बाटली उघडली. ताई म्हणाल्या, "कच्चं लाकूड, काळी द्राक्षं, शेवटी मिरीसारखं काही." तिघांनी माना डोलावल्या. "नवी काय, कुणीही ओळखेल," ताई म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा उजळला होता.

मग ती शेवटची. लाख फोडली. ताईंनी मला बुचावर टेकवलं आणि फिरवलं. पहिल्याच वेढ्याला मी दचकलो.

बुचात आधीच वाट होती!

माझी नव्हे. बारीक, उथळ, खिशातल्या चाकूला असतो तसल्या पेचानं पाडलेली. मी आणखी आत गेलो, तर दुसरी. ही जाड, लाकडाच्या स्क्रूची, आणि वरून सरस आणि भुसा भरून अशी सफाईनं बुजवलेली की माझी मूठ ज्यानं घडवली तो हात मी लगेच ओळखला. त्याच्याही बाजूनं एक केसाएवढं भोक सरळ तळापर्यंत गेलेलं. घड्याळाचं काम करणाऱ्याशिवाय इतकी बारीक सुई कोण चालवणार? एक नाही, दोन नाही, तीन! ज्या तिघांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, त्या तिघांनीही बाटली उघडली होती. बूच निम्मं चुरगळून माझ्या पिळातच अडकून बाहेर आलं. 'टप्प' झालंच नाही.

"जुनं झालं की असंच होतं," पोस्टमास्तरीणबाई घाईघाईनं म्हणाल्या.

चार पेल्यांत ओतलं. चौघांनी घोट घेतला. मी फळीवरून तोंडं बघत होतो. सुतारांच्या कानशिलाची शीर उडली. घड्याळजींनी डोळे मिटले.

"वा!" सुतार म्हणाले. "काय मुरली आहे!"

"चेरी," घड्याळजी म्हणाले. "पिकलेली चेरी."

"आणि मध," पोस्टमास्तरीणबाईंनी भर घातली. "मखमल आहे गं नुसती."

मला माझ्या कानांवर विश्वास बसेना. प्रत्येकाला आपलं भोक तेवढं ठाऊक होतं, आणि ते झाकायला प्रत्येकजण दुसऱ्याहून जास्त स्तुती करत होता.

ताईंनी पुन्हा घोट घेतला. पुन्हा घेतला.

"मला आंबट लागतंय," त्या हळूच म्हणाल्या. "शिरक्यासारखं. त्यावर मुलांना पाजतात तसल्या रसाचा गोडवा. आणि तळाशी... हसू नका, पण मला चहा लागतोय. कोरा चहा."

घड्याळजींना ठसका लागला.

"तुम्हाला चेरी लागते आणि मला चहा." ताईंनी पेला दूर सारला. "गेली माझी जीभ. बरं झालं, आजच कळलं." त्यांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि कागदावर ठेवला. ज्या जिभेनं त्या बाटलीतला थेंब न् थेंब अचूक ओळखला होता, तिला त्या निरोप देत होत्या! मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. माझ्या अंगावर ते बूच पुराव्यासारखं अडकलेलं, आणि माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

सुतारांनी पोस्टमास्तरीणबाईंकडे पाहिलं, बाईंनी खिडकीकडे. एकेकाच्या मनात काय चाललं होतं ते मला मुठीतल्या घामासारखं कळत होतं. गप्प राहिलं तर अब्रू वाचते. फक्त ताईंची भट्टी जाते.

"चहा माझा," घड्याळजी म्हणाले.

"काय?"

"चहा माझा आहे, ताई. औषधाच्या सुईनं चार थेंब काढले. बिघडली तर नाही ना, एवढंच बघायला. मग आणखी चार काढले. मग पातळी खाली गेली, म्हणून त्याच सुईनं चहा भरला."

सुतार उठून उभे राहिले. "तू? अरे, मला वाटत होतं मी एकटाच! बायको गेली त्या आठवड्यात मी तिच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून एक पेला प्यालो. वर ओतलेला द्राक्षाचा रस माझा."

आता सगळे पोस्टमास्तरीणबाईंकडे बघू लागले. त्या भडकल्या. "बघता काय? तीस वर्षं लोकांची पाकिटं न उघडता पोचवली. आयुष्यात एक गोष्ट उघडली ती ही! तेव्हाच मेली विचित्र लागली होती मला. पण विचारणार कुणाला? विचारलं की मीच उघडली हे कळणार. म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातली स्वस्त बाटली वर ओतली आणि लाख लावून टाकली."

ताईंनी मला उचललं. बूच उजेडात धरून फिरवलं. माझ्या तिरक्या वाटेशेजारच्या तिन्ही वाटा त्यांनी बोटानं चाचपल्या.

"सहा वर्षं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला भीती वाटली. "आणि आत्ता? मी किल्ल्या ठेवल्या, तरी तुम्ही गप्प होतात."

सुतारांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

ताईंनी आपला पेला पुन्हा जवळ ओढला. एक लहानसा घोट घेतला आणि डोळे मिटून तोंडात घोळवला.

"घड्याळजी, चहा दोनदा उकळलेला होता."

"होय," घड्याळजी म्हणाले. "सकाळचा उरलेला."

"कंजूस मेला." ताईंनी जुडगा उचलून कमरेला खोचला. "नव्या बाटलीतली तुम्ही तिघांनी संपवायची नाही. ती माझी. तुम्ही तिघं ही जुनी संपवा. थेंबही उरता कामा नये."

तिघांनी संपवली, मित्रांनो. तोंडं वेडीवाकडी करत, एकमेकांकडे न बघता. ताई हसल्या नाहीत. दोन महिने त्या कुणाशी नीट बोलल्या नाहीत. मग एका रविवारी पोस्टमास्तरीणबाई पीठ चाळायला येऊन बसल्या आणि ताईंनी त्यांच्यापुढे चाळण सरकवली.

भाचा आला तसा गेला. भट्टी अजून पेटते.

मुलांनो, एक मागणं आहे. माझ्यासारखं अवजार वापरलंत की पुसून ठेवा आणि त्याच्या अंगावर बूच तसंच अडकवून ठेवू नका, ओल धरते, गंज चढतो. आणि आपली चूक झाकण्यासाठी दुसऱ्याला त्याच्या स्वतःच्या जिभेविषयी शंका घ्यायला लावू नका.

ताई मात्र माझ्या अंगावरचं ते बूच काढत नाहीत. पिळात गंज वाढतो आहे, मला तो जाणवतो. परवा सुतार मला साफ करायला घेऊ लागले, तर ताई म्हणाल्या, "राहू दे. पीठ चाखताना मी त्या बुचाकडे बघते, मग कुणाला विचारावं लागत नाही."