एका दिवसाचं कुलूप

उस्मानाबादेत भाड्याचा कागद अकरा महिन्यांचा. बारावा महिना लागला की भाडेकरू खोलीला चिकटतो, असं घरमालकांच्या डोक्यात कल्याणप्पा दलालानं भरवून ठेवलेलं. म्हणून अकरा महिने भरले की सामान बाहेर काढायचं, मालकानं एक दिवस कुलूप घालायचं, दुसऱ्या दिवशी नवा कागद करायचा आणि कल्याणप्पाला अर्ध्या महिन्याचं भाडं दलाली म्हणून द्यायचं. खोली तीच, माणसं तीच. ह्या बाबाची मेहनत काय, तर कुलूप घालताना शेजारी उभं राहणं.

आम्हाला दलाली दीडपट. "तुमच्यासाठी लई बोलावं लागतं, पुतळाबाई," असं तो तोंडावर म्हणायचा. आम्ही बौद्ध. नवरा आबाराव खरेदी-विक्री संघात शिपाई, पगार वेळेवर, तरी आमच्यासाठी बोलावं लागायचं.

मी मुकाट्यानं देत होते ते आडासाठी. आमचे घरमालक आण्णासाहेब, त्यांच्या अंगणात आड होता. सुरुवातीची वर्षं त्यांची बायको वरून पाणी ओतायची आणि मी खाली घागर धरायची. मग त्यांची लेक बाळंतपणाला आली, बाई कामानं पार दमल्या आणि एका सकाळी म्हणाल्या, "घे बाई, तुझं तू शेंदून." त्या दिवशी गरज नसताना मी घरातली सगळी भांडी भरून ठेवली.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात कागद संपला. गावातले आड आटले होते, आमच्याला पाणी होतं. नेहमीसारखं सामान काढून आम्ही समोरच्या लिंबाखाली बसलो, तीन दगडांवर भाकरी केल्या. शेजारीण हसून म्हणाली, "निघालं का बिऱ्हाड जत्रंला?" आम्हीही हसलो.

दुसऱ्या दिवशी किल्ली मागायला गेलो तर आण्णासाहेब वर बघेनात.

"कल्याणप्पानं दुसरं बिऱ्हाड आणलंय. भाडं जास्त देतंय."

"आमीबी देतो की," आबाराव म्हणाले.

"आता जबान दिली."

"कधी एक पैसा थकवला का आमी?" मी विचारलं. ते आत निघून गेले. बाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण किल्ली काही त्यांनी आणून दिली नाही.

तेवढ्यात कल्याणप्पाच हातगाडी घेऊन हजर. "घाबरता कशाला? पल्याडच्या गल्लीत खोली हाय. पानी बी हाय. नवी खोली म्हंजी दलाली पुऱ्या महिन्याची. तुमची दीडपट."

तवा उचलून त्याच्या टाळक्यात घालावा असं वाटलं. पण त्याला दुखवलं तर आम्हाला खोली दाखवणार कोण? आबारावांनी पैसे दिले, ते मोजून घेऊन हातगाडी आमच्यावर सोडून तो निघून गेला.

वाटेत समोरून दुसरी हातगाडी आली. बरोबरच्या बाईनं विचारलं, "आण्णासाहेबांचं घर कुठलं हो?"

मी थांबून तिलाच विचारलं, "तुमी कुठनं आलात?"

ती मल्लम्मा. आम्ही जिथं निघालो होतो त्याच खोलीतून आलेली. तिलाही काल एका दिवसासाठी बाहेर काढलेलं, तिलाही दुसरं बिऱ्हाड जास्त देतंय म्हणून सांगितलेलं. जुन्या कागदांवर अर्धी-अर्धी दलाली मिळाली असती, म्हणून मेल्यानं आमची अदलाबदल करून दोन्हीकडून पुरी घेतली.

"मागं फिरू दोघीबी," मी म्हणाले.

मल्लम्मानं पुढं गेलेल्या नवऱ्याकडं बघितलं. "पैसं दिलेत की गं." पैसे तर आम्हीही दिले होते. "आडाला पानी हाय का तितं?" तिनं विचारलं.

"हाय. गोड हाय," मी म्हणाले. सांगताना रडू आलं.

नव्या घरची मालकीण आडापाशीच होती. चेहरा हसरा. "या. उन्हाचं आलात, आधी पानी घ्या." आणि तिनं पोहरा माझ्या बाजूला सरकवला.

तिला आमच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. ज्या बोलण्याची कल्याणप्पा दीडपट घेत होता ते तो बोललाच नव्हता.

पोहरा घ्यायचा सोडून मी घागर खाली ठेवली आणि चार पावलं मागं सरून उभी राहिले. कुणी सांगितलं नव्हतं. पाय आपसूक मागं गेले.

तिनं घागरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. चेहऱ्यावरचं हसू गेलं. पोहरा आपल्याकडं ओढून घेत ती म्हणाली, "थांब तितंच. म्या वतते."