शिट्टीवाचून निघालेला कुकर

मी बावीस लिटरचा कुकर बोलतोय. गॅसवर बसून नाही, बरं का! दुबईच्या जबल अली बंदरातल्या एका बंद कंटेनरमध्ये, खोक्याच्या आत बसून बोलतोय. स्वभावानं मी तापट, चटकन डोकं फिरतं. पण आज राग नाही, आज मन भरून आलंय.

जन्म माझा पुण्याकडच्या एका कारखान्यातला. दुबईत आलो तो विमानानं, सुहासिनीच्या सामानातून. आणि रिकामा नाही हं! पोटात भाजणी, मेतकूट, चिवड्याची पाकिटं ठासून भरलेली. एवढं मोठं भांडं रिकामं नेईल ती सुहासिनी कसली! डिस्कव्हरी गार्डन्समधल्या तिच्या घरी गणपती बसायचा आणि साठ-सत्तर माणसं जेवून जायची. वरणाचं खातं माझ्याकडे. माझी शिट्टी ऐकली की जिन्यातच लोक म्हणायचे, "चला, पानं मांडली वाटतं."

पुढे इथल्या मराठी मंडळानं गणपतीसाठी हॉल घेतला, केटरर आला आणि मी कपाटावर गेलो. चार वर्षं तिथे धूळ खात पडलो होतो. घरी माणसं तीन: सुहासिनी, तिचा नवरा चारुदत्त आणि बारा वर्षांची शुभ्रा. त्यांना छोटा कुकर पुरतो. त्या पिटुकल्याची शिट्टी रोज ऐकायची आणि गप्प बसायचं, म्हणजे काय ते माझं मलाच माहीत!

गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावर सिस्टर अलिना आल्या, आपल्या भावाकडे. मूळच्या वसईच्या. गेली वीस वर्षं आफ्रिकेत, मलावीतल्या एका मिशनमध्ये अनाथ मुलं सांभाळतात. त्रेचाळीस मुलं आहेत. आमच्याकडे चहा पिता पिता त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. चुलीवर मोठं पातेलं, त्यात राजमा, आणि दोन मुली फुंकर घालताहेत. शाळेचे निळे फ्रॉक मागे दोरीवर तसेच टांगलेले.

"ह्या शाळेत नाही गेल्या?" सुहासिनीनं विचारलं.

"राजमा शिजायला चार तास लागतात, ताई. मोठ्या मुली पाळीनं घरी राहतात. ही चिकोंडी. अभ्यासात एवढी हुशार, पण आठवड्यातून दोन दिवस चुलीपाशी. स्वयंपाकाला बाई ठेवणं आम्हाला झेपत नाही."

सुहासिनी उठली, स्टूल घेतलं आणि मला खाली काढलं.

मंडळाच्या वासुदेवरावांचा फोन आला. "वहिनी, गणपतीचा कुकर चर्चला देताय म्हणे?"

"गणपतीनं कधी विचारलं होतं, पंगतीला कोण कोण बसलंय ते?" ती म्हणाली आणि मला घासायला बसली.

इथेच घोळ झाला. बाईची जुनी सवय. मला घासलं की शिट्टी वेगळी काढून ठेवायची, हरवू नये म्हणून! ती तिनं काजूच्या रिकाम्या डब्यात नीट जपून ठेवली आणि मला खोक्यात भरून टेप मारली. अहो, मी बोंब मारली असती, पण बोंब मारायचं साधनच त्या डब्यात! चारुदत्तचं ऑफिस जबल अलीत, त्यामुळे जाता जाता मिशनचं सामान जहाजानं जायचं होतं त्या गोडाउनवर त्यानं मला पोचवलं. खोक्यांच्या ढिगात बसून मी चरफडत राहिलो. शिट्टी नसलेला कुकर म्हणजे नुसतं जड पातेलं. वाफ निघून जाणार, राजमा कच्चा राहणार आणि चिकोंडी चुलीपाशीच बसणार.

शनिवारी सकाळी कंटेनर भरायला घेतला, आणि दारातून ओळखीचा आवाज आला. सुहासिनी! हातात काजूचा डबा, मागे चारुदत्त आणि शुभ्रा.

गोडाउनचा सुपरवायझर खैरुद्दीन. त्यानं हात झटकले. "मॅडम, पॅलेट पॅक हो गया, खलास. एक सीटी के लिए दो सौ कार्टन खोलूँ क्या?"

"अगं, मी गाडीतही तेच सांगत होतो," चारुदत्त म्हणाला. "तिथे मिळेल की एखादी शिट्टी!"

"नाही मिळत. सिस्टरना फोन करून विचारलंय मी." तिचा आवाज चढला. मग ती खैरुद्दीनकडे वळली. बोलायला लागली हिंदीत, पण दोन वाक्यांत मराठीवर आली. "भाईसाब, मैं आठवीं में थी, आई-वडील दोनो गए. मामाकडे राहिले. मामी वाईट नव्हती हो, पण घरात माणसं अकरा आणि चूल एक. वर्षभर शाळा बुडाली माझी. खिडकीतून प्रार्थना ऐकू यायची आणि मी भात ढवळत बसायचे. ती पोरगी मी पाहिलीय. माझ्या विसरभोळेपणानं तिची शाळा बुडायला नको."

चारुदत्त तिच्याकडे बघतच राहिला. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण हे त्याला ठाऊकच नव्हतं. "हे कधी बोलली नाहीस," तो पुटपुटला. मग बाह्या सरसावून पुढे झाला. "भाई, खोलो. मैं वापस पैक करूँगा."

खैरुद्दीनला मराठी किती कळलं, देव जाणे. त्यानं खिशातून कटर काढला. "यल्ला, चलो. पर जल्दी."

दोनशे खोकी, सगळ्यांवर इंग्रजी अक्षरं. इतक्यात शुभ्रा ओरडली, "आई, दॅट्स युवर हँडरायटिंग!" एका खोक्यावर जाड मार्करनं लिहिलं होतं: 'मोठा कुकर. सांभाळून.' ते लिहिताना तिला सुचलंच नाही की वाटेत मराठी वाचणारं कुणी भेटणार नाही!

टेप फाटली, उजेड आला. सुहासिनीनं शिट्टी बाहेर काढली, पदराला पुसली. शुभ्रानं केसांचा रबरबँड काढून दिला आणि सुहासिनीनं त्या रबरबँडनं शिट्टी माझ्या कानाला पक्की बांधली. जाताना सुहासिनीनं झाकणावर हात ठेवला. तिचे डोळे भरले होते. माझे असते तर माझेही भरले असते.

आता दार बंद झालंय. उद्या जहाज निघेल म्हणतात. कपाटावरची चार वर्षं मी विसरलो. पण बाई, तू रडू नकोस. तुझं वरण मी पुष्कळ शिजवलं, आता त्या लेकरांचा राजमा शिजवीन.

आणि चिकोंडी, माझी शिट्टी मोठी आहे, पहिल्यांदा दचकशील. घाबरू नकोस. सहा मोज. सहावी झाली की मला खाली उतरव, दोरीवरचा निळा फ्रॉक घाल आणि पळ.