टोमॅटोची चार हजार रोपं

तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी टिकेल तर शपथ. आणि नेमकी तीच आता कारखान्यात आठ तास सरकत्या पट्ट्यासमोर उभी राहून बाटल्यांची झाकणं तपासत होती.

कारखान्यानं नवराबायको दोघांनाही कामावर घेतलं होतं, फक्त पाळ्या उलट्या. ती सकाळी निघायची तेव्हा तो रात्रपाळी करून परतायचा. दोन्ही बस पुलावर समोरासमोर आल्या की तो खिडकीतून हात हलवायचा. एवढाच काय तो संसार! हात दिसला की तिचा जीव भांड्यात पडायचा, कारण घरी पोचताच तो रोपांवरचं प्लास्टिक वर करायचा. थंडीमुळे रात्री ते बंद ठेवावं लागे, पण ऊन चढायच्या आत उघडलं नाही तर रोपं आतल्या आत उकडून निघत.

आज हात दिसला नव्हता. पेंगला असेल मेला, अशी तिनं आधी स्वतःची समजूत घातली. नऊ वाजता ऊन पट्ट्यावर आलं आणि तिच्या जिवाची घालमेल सुरू झाली. मोबाइल कपाटात, कपाटाला कुलूप. यंदा रान रिकामं राहिलं तर ते कारखान्याच्या गोदामाला द्यायचं, असं दिराशी ठरलं होतं. त्या विचारात दोन झाकणं न तपासताच पुढं गेली.

"लक्ष कुठंय, बाई?" सुपरवायझर खेकसला.

"मला घरी जाऊ द्या हो. रोपं भाजतील माझी."

"पाळी संपली की जा."

"तोवर भाजी होईल त्यांची!"

तिनं टोपी काढून पट्ट्यावर ठेवली आणि सरळ बाहेर पडली. फाटकाशी पोचते तर नवरा जांभया देत समोरून येत होता. तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

"तुम्ही अजून इथंच?"

"बदली माणूस उशिरा आला, थांबवून घेतलं मला. पण तुझी आज सुट्टी ना?"

"बदलली की! काल सांगितलं तुम्हाला. हो म्हणालात."

"झोपेत म्हणालो असेन."

दोघं बस गाठायला धावतच सुटले. रानात प्लास्टिक चारी बाजूंनी घट्ट खोचलेलं होतं, तिनंच काल खोचलेलं. त्यानं ते उचललं तशी गरम वाफ तोंडावर आली. सगळ्या रोपांनी माना टाकल्या होत्या. ती मटकन खाली बसली आणि रडू लागली.

"परत पेरू," तो म्हणाला.

"कोण?" तिनं विचारलं. "तुम्ही झोपेत, मी पट्ट्यावर."