जाळीमागची हाक

मित्रांनो, आज माझ्या अंगावर नवं पॉलिश आहे, पोटात नवे स्पीकर आहेत, आणि तरी मला माझ्याच आवाजाची थोडी भीती वाटते. तसा मी चाळीस वर्षांहून जुना स्टीरिओ. रेडिओ, तबकडी आणि कॅसेट अशी तिन्ही यंत्रं एका लांब लाकडी पेटीत बसवलेला. आता अशा पेट्या कुठे दिसत नाहीत, म्हणून एवढं सांगितलं.

माझा जन्म धुळ्याचा. तिथल्या एका सुताराने सागाची पेटी केली, आतली यंत्रं मुंबईहून आली. एरंडोलच्या नवलभाऊंनी मला दुकानात पाहिलं आणि तिथून हलेनातच. ट्रकमध्ये गाद्यांच्या मध्ये ठेवून त्यांनी मला घरी नेलं. त्या घरात तेव्हा चार माणसं होती. नवलभाऊ, त्यांची नवी नवरी प्रमिलाबाई, आई कमलबाई आणि धाकटी बहीण रूपा. रूपा मला रोज पुसायची. स्टेशन शोधताना माझी चकती इतकी हळू फिरवायची, की मलाही कळायचं नाही.

कमलबाईंना मी आवडत नव्हतो. त्या माझ्यासमोरून जाताना मुद्दाम खाकरायच्या. कोरडं, दोनदा, मग एक छोटंसं. घरातल्या सगळ्यांना त्या खाकरण्याचा अर्थ कळायचा: हे मला पसंत नाही.

श्रावण होता. आमच्याकडच्या देवीचा, कानबाईचा, सण तोंडावर आला होता. प्रमिलाबाईंचा गळा गोड, म्हणून नवलभाऊंनी कोरी कॅसेट आणून दिली आणि सांगितलं, कानबाईची गाणी भरून ठेव. दुपारी नवलभाऊ जामनेरला गेले होते. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून प्रमिलाबाईंनी मागचं कवाड लावून घेतलं, माझं लाल बटण दाबलं आणि गायला बसल्या.

त्याच दिवशी सकाळी रूपा घरातून गेली होती. पद्मालयाच्या देवळात तिने रावेरच्या एका मुलाशी लग्न केलं. संध्याकाळी गावभर झालं. ती वळून पाहायलाही आली नाही, असं सगळे म्हणाले. कमलबाई रडल्या नाहीत. माझ्याकडे बोट करून एवढंच म्हणाल्या, "ते बंद करा. आजपासून या घरात गानं नको."

माझ्यावर चादर पडली. कॅसेट माझ्या पोटातच राहिली.

मित्रांनो, बंद यंत्राला काळ कळत नाही असं तुम्हाला वाटत असेल. मला कळत होता. उंदरांनी माझ्या स्पीकरचा कागद कुरतडला, लाकूड फुगलं, माझ्यावर आधी कपाशीची बियाणं आणि मग केळीचे रिकामे खोके आले. कमलबाई गेल्या. पुष्कळ वर्षांनी नवलभाऊही गेले. रूपाचं नाव मात्र चादरीखाली मला एकदाही ऐकू आलं नाही. आणि ज्या दुपारी मी बंद झालो, त्या दुपारचं काहीतरी माझ्या आत अडकून होतं. घशात माशाचा काटा अडकावा तसं.

गेल्या मे महिन्यात प्रमिलाबाईंच्या नातीने, मयुरीने, चादर ओढली. "आजी, हे केवढं सुंदर आहे!" ती म्हणाली आणि मला जळगावला खाजाभाईंच्या दुकानात घेऊन आली.

खाजाभाई म्हणजे जुन्या रेडिओंचे वैद्य. त्यांनी माझं एकेक अंग सोडवलं. वाळलेले कपॅसिटर काढले, तुटलेला बेल्ट बदलला, कॅसेटचं हेड स्पिरिटने पुसलं. अडकलेली कॅसेट त्यांनी बोटांनी अशी सोडवली, जणू पायातला काटा काढताहेत. जुन्या स्पीकरवर ती लावून पाहिली. गाणं आलं, फाटक्या कागदाची खरखर आली, बाकी काही नाही. मग त्यांनी ते स्पीकर काढून खाली मोठे वूफर आणि वर बारीक आवाजासाठी ट्वीटर बसवले, पुढे नवी कापडी जाळी ताणली.

भर दुपार होती. उन्हाने गल्ली रिकामी पडली होती, कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. खाजाभाईंनी बटण दाबलं. चोवीस वर्षांची प्रमिलाबाई दुकानात गाऊ लागली, इतकी जवळ, की तिचा श्वास ऐकू यावा. एक कडवं संपलं, ती थांबली. त्या थांबण्यात, लांबून, कवाडाच्या पलीकडून कोणीतरी म्हणालं,

"वहिनी..."

खाजाभाईंच्या हातातला स्क्रू पडला. ते उठले, दार उघडून बाहेर पाहिलं. कोणी नव्हतं. पुढचं कडवं झालं, पुन्हा तेच. "वहिनी, कवाड उघड ना. मी शे, रूपा."

तेवढ्यात त्यांच्या बेगम जमीला डबा घेऊन आतल्या खोलीतून आल्या. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि तडक दाराकडे गेल्या. "अजी, बाहर कोई लडकी बुला रही. धूप में खडी है बिचारी."

"बाहर कोई नहीं," खाजाभाई म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "इसके अंदर है."

खाजाभाईंनी निरोप धाडला आणि दुसऱ्याच दिवशी प्रमिलाबाई दुकानात आल्या. खाजाभाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि काही न सांगता कॅसेट लावली. पहिल्या हाकेला त्यांनी माझी कड घट्ट धरली. दुसऱ्या हाकेला त्या जाळीकडे वाकल्या. म्हणजे रूपा आली होती! लग्न करून, त्याच दुपारी, सांगायला आली होती.

हाकेमागून स्वयंपाकघराच्या बाजूने खाकरणं आलं. कोरडं, दोनदा, मग एक छोटंसं. नंतर कॅसेटवरच्या प्रमिलाबाईंनी गाणं थांबवून विचारलं, "कोनी हाक मारी का?"

आणि तीस वर्षांपूर्वी गेलेल्या कमलबाई माझ्या नव्या जाळीतून, अगदी शांतपणे बोलल्या, "कोनी नही. तू म्हन गानं."

मी म्हणजे नुसती पेटी. तरी त्या क्षणी माझ्या लाकडावरून थंड काहीतरी सरकत गेलं. लेकीची हाक आईने ऐकली होती. ऐकूनच ती तसं बोलली होती.

खाजाभाईंनी कॅसेट थांबवली. मग हळूच विचारलं, "अक्का, शेवटचा तुकडा पुसून टाकू का?"

"नको," प्रमिलाबाई म्हणाल्या. "पुसू नका. पण रूपाला तो ऐकवायचा नाही. तिला तिची आई राहू दे. मी म्हणेन, गाण्याच्या नादात माझंच लक्ष नव्हतं."

मला एरंडोलला परत आणलं. मयुरीने नंबर शोधून रावेरला फोन केला. आठवड्याने रूपाबाई आल्या. केस पांढरे, हाताला केळीच्या चिकाचे काळे डाग. उंबऱ्याबाहेरच थबकल्या. प्रमिलाबाईंनी पुढे होऊन त्यांचा हात धरला आणि आत आणलं.

कॅसेट सुरू झाली. पहिली हाक. दुसरी हाक. रूपाबाई आपलाच एकोणीस वर्षांचा आवाज मान खाली घालून ऐकत होत्या. खाकरणं आलं, तसं प्रमिलाबाईंनी झटकन बटण दाबून मला थांबवलं.

"चूक मनी शे, रूपा," त्या म्हणाल्या. "गानामा मले ऐकूच नही उनं."

"आई घरमा व्हती ना?"

"नही. आई शेतमा व्हती."

रूपाबाईंनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता.

"वहिनी, खोटं नको बोलू. ते खाकरनं मी त्या दिनले बी ऐकं. कवाडना बाहेर हुबी राहीसन ऐकं. म्हनीसनच मी परत फिरनू. तुले मी कधीच दोस दिधा नही."

प्रमिलाबाई खाली बसल्या. ज्या माणसाला वाचवायला त्या निघाल्या होत्या, त्याला सगळं इतकी वर्षं ठाऊक होतं.

रूपाबाईंनी हात पुढे केला. बोट माझ्या बटणावर आलं, पूर्वीसारखंच हलकं. प्रमिलाबाईंनी अडवलं नाही. मी बोललो. बोलावंच लागलं. "कोनी नही. तू म्हन गानं."

रूपाबाई डोळे मिटून बसल्या. मग त्यांनी कॅसेट थोडी मागे घेतली आणि पुन्हा लावली. पुन्हा मागे घेतली. पुन्हा लावली.

"बस कर वं," प्रमिलाबाई कळवळून म्हणाल्या. "कसाले तेच तेच ऐकस?"

"मनाजोडे तिना एक फोटो शे," रूपाबाई म्हणाल्या. "आवाज नव्हता." आणि त्यांनी माझ्या जाळीला कान लावला.

मित्रांनो, जुनं यंत्र दुरुस्त जरूर करा. धूळ झाडा, तारा बदला, चांगले स्पीकर बसवा. फक्त त्याच्या पोटात काय राहिलंय ते न ऐकताच पुसू नका. जे निघेल ते गोडच असेल असं नाही. पण त्यासाठी एखादं माणूस रावेरहून एरंडोलला येतं, आणि संध्याकाळची शेवटची बस निघून गेली तरी जाळीपासून कान काढत नाही.