लांबचा बीच

स्पेनच्या मायोर्का बेटावर पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, हॉटेलच्या ब्रेकफास्टला, सुलक्षणाने रघुवीरला पाहिलं. तो ऑम्लेटच्या काउंटरपाशी उभा राहून शेफला खुणेने सांगत होता की मिरच्या अजून घाल. पाठमोरा होता. पोट सुटलं होतं, केस विरळ झाले होते. पण एका पायावर सगळा भार टाकून, दुसऱ्या पायाचा अंगठा जमिनीला टेकवून उभं राहायची ती ढब तिने सव्वीस वर्षं पाहिली होती. हातातली प्लेट तिने ब्रेडच्या टोपलीशेजारी तशीच ठेवली आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने खोलीत गेली.

थोड्या वेळाने तिची मैत्रीण सुचेता वर आली. नॅपकिनमध्ये उकडलेलं अंडं आणि केळी गुंडाळून आणली होती.

"काय गं, पोट बिघडलं का?"

"रघुवीर आहेत खाली."

सुचेता पलंगावर बसली. "शुअर आहेस?"

सुलक्षणाने फक्त तिच्याकडे बघितलं.

"बरं, बरं. आहेस शुअर."

सुचेता लंडनमध्ये हॅरोला राहायची, तिथल्याच एका शाळेत केमिस्ट्री शिकवायची. सुलक्षणा ईलिंगला, कौन्सिलच्या लायब्ररीत नोकरीला. मे महिन्याच्या शेवटी शाळांना हाफ-टर्मची आठवड्याची सुट्टी मिळते, तेव्हा दोघींनी कुठेतरी ऊन असेल तिथे जायचं असं गेलं वर्षभर चाललं होतं. शेवटी सुचेतानेच बुकिंग केलं. मायोर्काच्या पूर्व किनाऱ्यावरचं एक छोटं गाव, समोर बीच, मागे पाइनचं जंगल. त्याच आठवड्यात रघुवीर तिथे येईल हे कुणाला कळायला मार्गच नव्हता.

आणि तो मार्ग सुलक्षणाने स्वतःच बंद केला होता. सात वर्षांपूर्वी रघुवीर घर सोडून लेस्टरला गेला, नीना नावाच्या, त्याच्या ऑफिसातल्या एका बाईकडे. डिव्होर्स शांतपणे झाला. सुलक्षणाने आरडाओरडा केला नाही, वकिलांना भांडायला लावलं नाही. किती डिग्निटीने घेतलं तिने, असं ओळखीचे लोक म्हणाले. त्यानंतर तिने मुलाला, अंशुमनला, एवढंच सांगितलं होतं की माझ्या घरात त्यांचा विषय नको. तो मँचेस्टरला नोकरी करायचा, दोघांकडेही जायचा, आणि हा नियम त्याने इतका कडक पाळला की बाबा आजारी असले तरी आईला कळायचं नाही.

लोकांना दिसलं नव्हतं ते असं होतं: तिला भीती वाटायची. कुठेतरी अचानक तो समोर येईल आणि आपण चारचौघांत रडायला लागू. किंवा त्याहून वाईट म्हणजे त्याची बाही धरून विचारू, का गेलात? या भीतीने तिने मंडळाच्या गणपतीला जाणं सोडलं. कुणाच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण आलं की आधी आडून आडून विचारायची, कोण कोण येतंय. काही लग्नं तिने नुसत्या संशयावरून चुकवली होती.

"हॉटेल बदलूया का?" सुचेताने विचारलं.

"मी पळून जायचं आणि त्यांनी इथे बसून ऑम्लेट खायचं?"

"मग जाऊ खाली. गुड मॉर्निंग म्हण आणि टोस्ट घे."

"ते नाही जमणार."

शेवटी सुचेताने रिसेप्शनवरून नकाशा आणला. गावापासून थोडं दूर, बसने जाता येईल असा एक लहान बीच होता. बस रस्त्यावर सोडते, पुढे जंगलातून पायवाट. सुलक्षणाला हे पटलं. "तिथे ते कधीच येणार नाहीत. दगडांवरून चालायचा त्यांना कंटाळा. हॉटेलसमोरचा सनबेड पकडून बसतील दिवसभर."

पायवाट खरंच दगडांची होती. उन्हाने तापलेल्या पाइनचा वास येत होता आणि झाडांतून रातकिड्यांसारखा आवाज भर सकाळी चालू होता. वळणावर झाडं संपली आणि खाली समुद्र दिसला. दोन बाजूंना खडक, मध्ये वाळूची लहानशी पट्टी, आणि पाणी इतकं नितळ की काठावरून तळाचे गोटे दिसत होते. कडेला वाळलेल्या समुद्रगवताचा तपकिरी ढीग साचला होता. त्याच्या पलीकडे एक जर्मन आजोबा अंगावर काहीही न घालता शब्दकोडं सोडवत बसले होते. दोघी अगदी ब्रिटिश पद्धतीने, तिकडे न बघता, पुढे गेल्या.

पाणी गार होतं. सुलक्षणा कंबरेपर्यंत गेली आणि दम घेत उभी राहिली. सुचेता काठावर बसून पाय बुडवत होती. सकाळपासून पहिल्यांदाच सुलक्षणाचे खांदे जरा सैल झाले.

तेवढ्यात उजवीकडच्या खडकांमागून मराठीत आवाज आला. "रघू, हलू नकोस. प्लीज हलू नकोस. अजून आहेत तिथे."

सुलक्षणाने सुचेताकडे बघितलं. सुचेताने डोळे मिटून घेतले.

खडकाला वळसा घालून एक बाई पाण्यातून धडपडत येत होती. आखूड पिकलेले केस, गळ्यात दोरीला लटकलेला चष्मा, वय साधारण सुलक्षणाचंच. तिने आधी सुचेताला काहीतरी इंग्लिशमध्ये विचारलं, मग थांबली.

"तुम्ही मघाशी मराठी बोलत होतात ना? माझ्या नवऱ्याच्या पायात काटे गेलेत. ते काळे गोळे असतात ना खडकावर, सी अर्चिन, त्याच्यावर पाय पडला. लाइफगार्ड आलीये, पण ती म्हणते पाय कुणीतरी घट्ट धरायला हवा. आणि मला रक्त बघवत नाही. मी आत्ताच तिथे चक्कर येऊन खाली बसले होते."

सुलक्षणाने मनात रंगवलेली नीना चाळिशीची, लांब केसांची, खूप हसणारी होती. ती कुठे गेली कोण जाणे. ही समोरची बाई घाबरली होती आणि तिच्या नाकावर सनक्रीम नीट चोळलं नव्हतं.

"तुम्ही इथे सावलीत बसा," सुलक्षणा म्हणाली. "सुचेता, यांना पाणी दे."

"मी जाते," सुचेता म्हणाली. "तू थांब."

पण सुलक्षणा निघाली होती. नंतर सुचेताने बऱ्याचदा विचारलं, का गेलीस. त्यावर तिच्याकडे एवढंच उत्तर होतं की विचार करायला वेळ नव्हता आणि पाय आपोआप तिकडे वळले.

रघुवीर एका सपाट खडकावर बसला होता. डावा पाय लाइफगार्ड मुलीच्या मांडीवर होता, टाचेत काळी टोकं रुतलेली. मुलगी चिमटा घेऊन तयार होती, पण तिने हात जवळ नेला की तो पाय मागे ओढत होता. सुलक्षणाला बघून तो ओढायचं विसरला.

"सुलू," तो म्हणाला.

"हो, मीच. पाय द्या इकडे."

ती त्याच्या समोर बसली आणि दोन्ही हातांनी घोटा पकडला. मुलीने व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापूस टाचेवर दाबला, मग पहिला काटा धरला. रघुवीरने ओठ चावला.

"रडू नका," सुलक्षणा म्हणाली. "अजून बरेच आहेत."

"मी रडत नाहीये."

"दाढ काढतानाही असंच म्हणाला होतात."

हे बोलून गेल्यावर ती स्वतःच चपापली. आता काहीतरी होईल म्हणून ती वाट बघत राहिली. छातीत तो जुना गोळा येईल, हात थरथरतील, गळा भरून येईल. घोटा तिच्या हातात होता. थोडा सुजलेला, वाळूने भरलेला, गार. तो एका साठीच्या माणसाचा पाय होता, त्याला काटे लागले होते आणि तो हलू नये म्हणून ती धरून बसली होती. बाकी काही आलं नाही. ती थोडा वेळ थांबली, तरी आलं नाही.

"तू इथे कशी?" त्याने दात आवळून विचारलं. "हा बीच तर..."

"लांब आहे, म्हणून आले. सकाळी तुम्हाला ऑम्लेट घेताना पाहिलं."

रघुवीर तिच्याकडे बघतच राहिला. मग हसायला लागला, तेवढ्यात मुलीने दुसरा काटा ओढला आणि त्याचं हसणं अर्ध्यावर मोडलं.

"मी काल तुला चेक-इन करताना पाहिलं," तो म्हणाला. "रात्री झोपलो नाही. नीनाला म्हटलं, सुलक्षणाला दगडांतून चालणं आवडत नाही, ती हॉटेलसमोरच बसेल. आपण लांबच्या बीचवर जाऊ."

"दगडांतून चालणं मला आवडत नाही?"

"तुलाच आवडत नाही ना?"

"तुम्हाला आवडत नाही, रघुवीर. मी आयुष्यभर तुमच्यासाठी बसून राहिले."

आता दोघंही हसत होते. लाइफगार्डने स्पॅनिशमध्ये काहीतरी दटावलं, बहुधा पाय हलवू नका असं. सुलक्षणाने घोटा परत घट्ट धरला. हसताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते ज्या पाण्याची तिला सात वर्षं धास्ती होती ते नव्हतं, हे तिला नक्की कळत होतं.

काटे निघत राहिले. मध्येच तो हळू आवाजात म्हणाला, "सुलू, त्या वेळी मी जे केलं..."

"पाय हलवू नका," ती म्हणाली.

तिला त्याचं बोलणं तोडायचं नव्हतं. ऐकायचं मात्र काही उरलं नव्हतं. तो प्रश्न, ज्याच्यासाठी त्याची बाही धरावी लागेल असं तिला वाटायचं, तो तिने आत शोधून पाहिला. होता, पण एखाद्या जुन्या शेजाऱ्याबद्दल असावा तसा. उत्तर मिळालं तर ठीक, नाही मिळालं तरी चहा करायला उशीर होणार नव्हता.

"बरी आहेस ना?" त्याने विचारलं.

"आहे," ती म्हणाली. लोकांना ती नेहमी हेच सांगायची. या वेळी सांगून झाल्यावर तिला दमल्यासारखं वाटलं नाही.

टाचेला पट्टी बांधून झाली. एक-दोन टोकं खोल राहिली होती, ती आपोआप बाहेर येतील असं लाइफगार्ड म्हणाली. रघुवीर सुलक्षणाच्या आणि त्या मुलीच्या खांद्यावर हात टाकून लंगडत वाळूवर आला. तिथे झाडाखाली नीना आणि सुचेता बसल्या होत्या. सुचेताने तिला सगळं सांगितलेलं दिसत होतं, कारण नीना उठून उभी राहिली आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग पुन्हा उतरला.

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "तुम्हाला मी कसलं काम सांगितलं."

"मला कुठे माहीत होतं तुम्ही याच बीचवर असाल?" सुलक्षणा म्हणाली. "बसा तुम्ही. चक्कर येईल परत."

सुचेताने टॅक्सी बोलावली, पायवाटेवरून रघुवीरला आधार देत रस्त्यापर्यंत नेलं आणि चौघं त्यातूनच हॉटेलवर आले. रघुवीर पुढे ड्रायव्हरशेजारी पाय लांब करून बसला. मागे तिघी. नीनाने खिडकीकडे तोंड करून, अगदी हळू, "थँक यू" म्हटलं. सुलक्षणाने मान हलवली.

उरलेले दिवस सुलक्षणा हॉटेलसमोरच्याच बीचवर गेली. सकाळी गर्दीआधी पोहायची, मग छत्रीखाली पडून राहायची. रघुवीर आणि नीना पलीकडच्या रांगेत असायचे. येता-जाता हात वर व्हायचा, कधी "कसा आहे पाय?" एवढं. जेवायला त्यांनी एकत्र टेबल घेतलं नाही, कुणी सुचवलंही नाही. एका संध्याकाळी सुचेता म्हणाली, "तू घोरायला लागली आहेस, माहितीये? पहिल्या रात्री नव्हतीस घोरत."

"सॉरी."

"अगं, नाही. घोर."

परतायच्या आदल्या दिवशी तिने अंशुमनला फोन केला. "तुझे बाबा भेटले इथे," ती म्हणाली.

"आई, आर यू ओके?"

"हो रे. त्यांच्या पायात काटे गेले होते. मी पाय धरून बसले होते."

"व्हॉट?"

"आल्यावर सांगते सगळं."

पुढच्याच शनिवारी तो ईलिंगला आला, सोबत कॅरिसला घेऊन. कॅरिस कार्डिफची, त्याची दोन वर्षांपासूनची मैत्रीण. बाहेर पाऊस भुरभुरत होता, जून लागला तरी सुलक्षणाने हीटिंग थोडा वेळ चालू केलं होतं. तिने बीचपासून टॅक्सीपर्यंत सगळं सांगितलं. अंशुमन मध्ये मध्ये कॅरिसला इंग्लिशमध्ये समजावत होता. ऑम्लेटवर दोघं हसले. मग कॅरिसने त्याला कोपराने ढोसलं.

"आई, मला एक गोष्ट सांगायचा आहे," तो त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला. "आम्ही लग्न करणार आहे. म्हणजे, लास्ट यरपासून ठरलं आहे. पण मला समजत नव्हता की तू आणि बाबा, एका रूममध्ये कसं... सो आम्ही पुढे ढकलत होतो. कॅरिसची आई सारखं विचारते."

सुलक्षणा त्याच्याकडे बघत राहिली. हा मुलगा वर्षभर ही गोष्ट पोटात ठेवून, प्रत्येक फोनवर हवापाण्याच्या गप्पा मारत होता.

"एका रूममध्ये बसू," ती म्हणाली. "बाबा आणि नीना येतील, मी येईन. सुचेतालाही बोलाव, नाहीतर ती मला आयुष्यभर ऐकवेल."

"रिअली? आर यू शुअर?"

"अंशुमन, तारीख काढा."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि जोरात श्वास सोडला. कॅरिस उठली, सुलक्षणापाशी आली आणि तिच्या गळ्यात पडली. सुलक्षणाने तिची पाठ थोपटली, मग तिला बाजूला करत विचारलं, की मटार उसळ तिखट चालेल ना, आणि कुकर लावायला स्वयंपाकघरात गेली.