ताडपत्रीखालचा चौकोन

ताई नाहीशी झाली तेव्हा मी शाळेत होते. आता माझी मुलगी शाळेत जात होती, आणि ताई शेवटची दिसली तो नदीकाठ पोलीस तिसऱ्यांदा खणत होते. आईचं हृदय थकलेलं. लेक कुठे आहे ते एकदा कळू दे, मग डोळे मिटले तरी चालतील, एवढंच ती म्हणायची. माझ्यात आशा कमी आणि संताप जास्त होता.

आमची सगळी भिस्त भावोजींवर. ताईचा नवरा. पुन्हा लग्न केलं नाही, म्हणून साऱ्या नातेवाइकांत देवमाणूस. प्रत्येक शोधाच्या वेळी ते आधी जाऊन ताडपत्री बांधायचे, खाली खुर्च्या मांडायचे, थर्मास भरून ठेवायचे. खणणाऱ्यांना चहा, आईला गोळ्या, सगळं न सांगता. कधी कधी मला त्यांच्या चांगुलपणाचा वीट यायचा आणि मग स्वतःचीच लाज वाटायची.

या वेळी शोधपथकाच्या प्रमुख बाई नवीन होत्या, मोजकं बोलणाऱ्या. सारा काठ त्यांनी दोरीने चौकोनांत आखून घेतला. एकेक चौकोन खणायचा, माती चाळायची, काही नाही निघालं की पांढरं निशाण. एकदा हाड निघालं. आईने माझा दंड असा आवळला की वळ उठले. हाड जनावराचं होतं.

शेवटी जिकडेतिकडे पांढरी निशाणं झाली. बाई चहाला ताडपत्रीखाली आल्या, पण कप तसाच धरून पायाखाली बघत राहिल्या. आधीच्या दोन्ही वेळी तुम्ही कुठे बसायचात, असं त्यांनी विचारलं. इथेच, मी म्हटलं.

"मग ही जागा कोणी खणली?"

कोणीच नाही. घरच्यांना उठवून त्यांच्या खुर्च्यांखाली कोण खणणार? उलट त्या माणुसकीबद्दल आम्ही पोलिसांचे आभार मानले होते.

भावोजी लगेच पुढे झाले. आईंना उन्हात कुठे बसवायचं, त्यांची तब्येत बघा, इथली जमीन तर दगडासारखी, उगाच वेळ जाईल. बोलणं नेहमीसारखंच गोड. फक्त थर्मासचं झाकण काही त्यांना लावता येईना. माझी नजर त्या झाकणावरून हलेना.

"ताडपत्री सोडा," बाई म्हणाल्या.

खुर्च्या हलल्या. आई भावोजींचा हात धरून उठली आणि तशीच उभी राहिली. मी आधार द्यायला गेले तर मानेनेच नको म्हणाली. अजूनही याच माणसाचा आधार? मी आतल्या आत धुमसत राहिले. गाडीतून पाणी आणतो, भावोजी म्हणाले. आई म्हणाली, थांबा. मग त्यांना कुणालातरी फोन करायचा होता. थांबा जावईबापू, ती पुन्हा म्हणाली.

चाळणीत आधी खडे आले, मग चपलेचं गंजलेलं बक्कल. थोड्या वेळाने खड्ड्यात उतरलेल्या बाईंनी हात वर केला आणि फावडी थांबली. या वेळी जनावर हा शब्द कुणीच काढला नाही. कुणीतरी लाल निशाण आणायला धावलं.

मला रडू फुटलं. मी आईकडे वळले. ती खड्ड्याकडे बघतच नव्हती. भावोजींचं मनगट तिने दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं, बोटं पांढरी पडली होती, आणि नजर त्यांच्या तोंडावर होती.

शेजारी हवालदार उभा होता. आई त्याला म्हणाली, "याला आता तुम्ही धरा. माझ्या हातात जोर उरला नाही."