तिघांचा बाक

मी एक जुना लाकडी बाक आहे. एक पाय आखूड, म्हणून त्याखाली पुठ्ठ्याची घडी. मित्रांनो, एका मोठ्या लाँड्रीत माझं आयुष्य गेलं. तिथे इस्पितळाच्या चादरी धुवायला यायच्या. दुपारी एक वाजला की माझ्यावर तिघं डबे उघडून बसायची: बॉयलर सांभाळणारे काका, इस्त्रीवाल्या मावशी आणि यंत्रं दुरुस्त करणारा फिटर. चौथ्याला जागाच नव्हती.

बोलणं तरी कसलं? गुडघेदुखी, सुनेची सर्दी, एकमेकांच्या डब्याला नावं ठेवणं. मला वाटायचं, काय ही वायफळ बडबड!

एकदा मावशी करवादल्या, "आज चादरी करपतायत मेल्या."

"हात जड झालाय तुमचा," फिटर हसला.

काकांचा घास हातातच राहिला. "करपतायत? अहो, तुमची इस्त्री तापते बॉयलरच्या वाफेवर, आणि माझा वाफेचा काटा तर खाली दाखवतोय!"

तिघंही धावत सुटली. काटा अडकला होता आणि बॉयलर फुटायच्या बेतात होता. काकांनी आग विझवली, फिटरने ठोकून काटा मोकळा केला. "नवा मागवतो," म्हणाला. त्या दिवशी मला कळलं, या बडबडीतूनच तिघांचं मिळून एक डोकं तयार होतं.

मग नवे साहेब आले. "जेवायला बसता की गप्पा हाणायला?" जेवणाच्या वेळा वेगळ्या झाल्या. ज्याने त्याने आपापल्या मशीनपाशी खायचं. माझी रवानगी अडगळीत झाली. कोणी चकार शब्द काढला नाही. मला राग आला तो साहेबांचा नाही, या तिघांचा.

दोन वर्षांनी भिंती हादरल्या. कोणीतरी मला ओढत बाहेर आणलं आणि माझ्यावर काकांना आडवं केलं. तिन्ही जागा त्यांनाच लागल्या. उरलेली दोघं उभी होती.

"सकाळपासून चादरी करपत होत्या हो," मावशी रडत म्हणाल्या. "सांगणार कोणाला?"

"काटा परत अडकायला लागला होता," फिटर पुटपुटला. "उद्या बदलणार होतो."

काकांना बिचाऱ्यांना काटा खाली दिसत होता, म्हणून ते आग वाढवत राहिले होते. पुन्हा सगळं माझ्याजवळच जुळलं, पण ऐकायला काका उरले नव्हते.

आता मावशी माझ्यावर एकट्याच जेवतात. फिटर दाराशी उभ्याने खातो.

मित्रांनो, मला रंग देऊ नका, पाय दुरुस्त करू नका. डबा उघडलात की शेजारच्याला एवढंच विचारा, आज कसं काय चाललंय? आणि तो बडबडायला लागला तर बडबडू द्या.